उभ्या गाडीतले सामान



गेल्या जानेवारीत पुण्याहून आमची मेहुणी तिच्या दोन मुलांना घेऊन आली होती. सकाळी हरमलच्या गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत चालत जायचे, दुपारी केरीला सुरूच्या सावलीत डबे उघडायचे आणि नंतर फेरीबोटीने पलीकडे जाऊन तेरेखोलचा किल्ला बघायचा, असा बेत होता. डिकीत घडीच्या चार खुर्च्या, बर्फाची पेटी, मुलांचा तंबू, गरवायच्या दोन काठ्या आणि आमची दुर्बीण. मागच्या सीटवर थोरल्या मुलाची पाठपिशवी आणि आमची जुनी चामड्याची बॅग. केरीला ऊन कडक होते म्हणून सावली शोधत शोधत गाडी रस्त्यापासून बरीच आत नेऊन लावली. मग डिकी सताड उघडून खुर्च्या आणि पेटी काढली, दुर्बीण आणि काठ्या "संध्याकाळी लागतील" म्हणून परत आत ठेवल्या आणि दोन्ही बॅगा सीटखाली सरकवल्या. हे सगळे भर दुपारी, दहा माणसांच्या देखत.

दीड तासाने परत आलो तेव्हा मागच्या दाराची काच खडीसाखरेसारखी सीटभर पसरली होती. दुर्बीण, काठ्या आणि दोन्ही बॅगा गेल्या होत्या. तंबू मात्र तसाच होता. त्याचे काय करायचे हे बहुधा चोरालाही कळले नसावे.

दुर्बीण आम्हाला निवृत्तीच्या वेळी शाखेतल्या सहकाऱ्यांनी दिली होती. तिची किंमत पैशांत मोजून उपयोग नाही. पण त्या दिवशी आम्ही आणखी एक गोष्ट गमावली आणि तीच आज जास्त खुपते. गाडीपासून थोड्या अंतरावर चहा-भज्यांचा एक गाडा होता. तिथल्या मुलाला आम्ही जाऊन विचारले, म्हणजे खरे तर दरडावलेच. "तू इथेच होतास ना? मग काच फुटलेली ऐकू कशी आली नाही?" तो म्हणाला, "माका खबर ना, काका." आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि तसे चारचौघांत बोलूनही दाखवले. पुढे पोलीस ठाण्यात कळले की त्याच दुपारी किनाऱ्यालगतच्या त्याच रस्त्यावर आणखी एका गाडीची काच तशीच फुटली होती. म्हणजे कोणीतरी दुचाकीवरून किंवा गाडीतून फिरत आले, दोन ठिकाणी हात मारला आणि निघून गेले असणार. महिन्याभराने आम्ही मुद्दाम त्या गाड्यावर गेलो आणि चूक झाली म्हणून सांगितले. मुलाने चहा दिला, पैसे घेतले, पण बोलला काही नाही.

आपल्यापैकी बरेच जण नोकरीधंद्यासाठी पेडणे-डिचोलीत आले आणि इथेच स्थिरावले. पर्यटक दोन दिवसांत निघून जातो, आपल्याला मात्र त्याच वाटेने रोज जायचे असते. म्हणून हे सगळे लिहून काढावेसे वाटले. चोर कोण होता ते आम्हाला अजून माहीत नाही. त्याला संधी कोणी दिली, ते मात्र पक्के माहीत आहे.

आम्ही छत्तीस वर्षे बँकेत काढली. रोकड एका शाखेतून दुसरीकडे न्यायची असली की एक साधा नेम होता: पेटी गाडीत चढवायची ती शटरच्या आत, आणि वाटेत गाडी कुठे थांबली तरी पेटीला हात लावायचा नाही. पेटीत काय आहे हे बघणाऱ्याला कळू द्यायचे नाही, कारण कळल्यावर कुलूप कितीही मोठे असले तरी तो फक्त वेळेचा प्रश्न उरतो. केरीला आम्ही याच्या नेमके उलटे केले. गाडी लावल्यावर डिकी उघडली, चांगल्या वस्तू वर काढून सगळ्यांना दाखवल्या आणि पुन्हा आत ठेवल्या. सीटखाली बॅग सरकवणारा माणूस लांबून बघणाऱ्याला सांगतच असतो की या बॅगेत काहीतरी आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही की सामान घरीच लावून निघायचे. जे किनाऱ्यावर न्यायचे ते एका पिशवीत, सर्वांत वर. जे गाडीत राहणार ते डिकीच्या तळाशी, झाकून. वाटेत फेरफार करावी लागलीच तर मुक्कामाच्या दोन-तीन किलोमीटर अलीकडे, पेट्रोल पंपावर वगैरे थांबून करावी. मुक्कामाला पोचल्यावर डिकी उघडावी ती एकदाच, आणि जे काढायचे ते काढून बंद करावी. गाडी लावून मग लपवालपवी करण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट काचेची. गाडीची समोरची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. ती तडकते, पण जागेवर राहते. दारांच्या काचा वेगळ्या असतात. त्या तापवून एकदम थंड केलेल्या असतात, त्यामुळे सपाट धक्का त्या चांगला सोसतात, पण एका टोकदार ठिकाणी बसला की सगळी काच एकाच वेळी बारीक तुकड्यांत कोसळते. अपघातात माणूस कापू नये म्हणून ही योजना आहे आणि ती योग्यच आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की दाराची काच म्हणजे सामानापुढचा पडदा. काळी फिल्म लावून सामान झाकू म्हणाल तर तेही चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच काळ्या फिल्मना बंदी घातली आहे, आणि समोरच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा नियम आहे.

म्हणून गाडीच्या आत दिसेल असे काहीही नको. त्यात मोबाईलची चार्जिंगची वायर आली, काचेवर चिकटवायचा मोबाईलचा स्टँड आला, रिकामी पाठपिशवीसुद्धा आली. ती रिकामी आहे हे बाहेरच्याला कसे कळणार? हॅचबॅक गाडी असेल तर मागचा पार्सल ट्रे काढून घरी ठेवू नका. पुष्कळ लोक मोठे सामान मावावे म्हणून तो काढतात आणि मग तो वर्षभर माळ्यावर राहतो. (आमचाही माळ्यावरच होता.) मोठ्या गाड्यांना झाकलेली डिकी नसते. त्यात गडद रंगाची एक जुनी चादर कायम अंथरलेली असावी, सामान असो वा नसो. भिंत किंवा कठडा असेल तर गाडी मागे घेऊन डिकी त्याला जवळजवळ टेकवावी, म्हणजे ती उघडताच येत नाही. अर्थात मागची सीट आडवी करून आतून डिकीत हात घालता येतो, तेव्हा यावर फार विसंबू नये.

सावलीचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो. सुरूच्या किंवा काजूच्या झाडांत गाडी आत घातली की ती थंड राहते, पण रस्त्यावरून दिसत नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे इथे शॅकजवळ, जिथे माणसांची ये-जा आहे तिथे, पाच-पन्नास रुपये पार्किंगला देऊन उन्हात लावलेली गाडी बरी. तापलेल्या सीटवर ओला पंचा टाकता येतो. हरवळ्याच्या धबधब्याला आणि मयेच्या तळ्याला उलटा प्रश्न असतो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथे इतकी गर्दी होते की गाडी लांब रस्त्याच्या कडेला लावावी लागते. अशा वेळी घरच्यांना आणि सामानाला आधी मुक्कामाशी उतरवावे आणि मग रिकामी गाडी लांब नेऊन लावावी. उतरवणारा एकटाच चालत येईल, एवढाच त्रास.

शिरगावच्या लईराईच्या जत्रेला किंवा पेडण्याच्या कोजागरीच्या पुनवेला जाताना तर डिकी पूर्ण रिकामी करूनच निघावे. रात्रभर गाडी अंधारात, शेतात उभी राहते आणि आपण गर्दीत कुठेतरी असतो. परवाच्या सहलीचा तंबू आणि बूट तसेच राहिले असतील तर ते त्या रात्री जाण्याची शक्यता जास्त.

आता गाडीची किल्ली. समुद्रात उतरताना किल्ली बुटात घालून वर टॉवेल ठेवायचा, ही पद्धत आपण सगळ्यांनी पाळली आहे आणि किनाऱ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहे. कोणीतरी एकाने पाण्याबाहेर राहावे हे उत्तम. तसे जमत नसेल तर साधी लोखंडी किल्ली नाडीला बांधून कमरेला लावता येते. बटणाची किल्ली खाऱ्या पाण्यात गेली की संपली, तिला पाणी न जाणारी लहान पिशवी मिळते ती गळ्यात अडकवावी. नव्या गाड्यांत नुसती किल्ली खिशात असली की दार उघडते. अशी किल्ली गाडीच्या जवळपास किंवा बोनेटखाली लपवून ठेवू नये, कारण मग ते दार कोणालाही उघडू शकते. आणि बटण दाबून चालू लागण्याआधी एकदा दाराची मूठ ओढून बघावी. दिवे लुकलुकले म्हणजे चारही दारे लागलीच असे नाही, लहान मुले एखादे अर्धवट लावतात.

गरवणाऱ्या मंडळींसाठी एवढेच: चोपड्याच्या पुलाकडे किंवा तेरेखोलच्या काठावर चहाला उठताना काठी गाडीत ठेवायचीच असेल तर रीळ काढून खिशात घालावे. काठीपेक्षा रीळ महाग असते आणि रीळ नसलेल्या काठीकडे कोणी फारसे बघत नाही. सायकलवाल्यांची अडचण मोठी. गाडीच्या मागच्या कॅरिअरवर सायकली लावून रविवारी सकाळी निघायचे आणि म्हापशाला नाश्त्याला थांबायचे, हे आता पुष्कळ जण करतात. कॅरिअरचे पट्टे मिनिटात सुटतात. जाड साखळी सायकलच्या मधल्या सांगाड्यातून आणि कॅरिअरच्या लोखंडातून अशी दोन्हींतून गेली पाहिजे. नुसते चाक बांधले तर चाक राहते आणि सायकल जाते. त्याहून सोपा उपाय म्हणजे हॉटेलात गाडी दिसेल असे टेबल धरावे, ते मिळेपर्यंत थांबावे.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावे. जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमाने सुरू झाल्यापासून कितीतरी पाहुणे सकाळी उतरतात, भाड्याची गाडी घेतात आणि खोली दुपारी मिळणार म्हणून सगळ्या बॅगांसकट थेट किनारा गाठतात. भाड्याच्या गाडीची काळी पाटी आणि तिच्यावरची पिवळी अक्षरे लांबून दिसतात. आत परक्या माणसाचे चार दिवसांचे सामान आहे हे त्या पाटीवरच लिहिलेले असते म्हणा ना. बॅगा आधी हॉटेलच्या काउंटरवर द्याव्यात, खोली तयार नसली तरी ते ठेवून घेतात. किंवा आपल्याकडे आणून टाकाव्यात, चहाही होईल.

बँकेत टेबल-खुर्च्यांचे एक डेड स्टॉक रजिस्टर असते. प्रत्येक वस्तूला क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत. आम्ही त्याला नोकरीभर कंटाळलो आणि निवृत्तीनंतर घरच्या सामानाचे एकही पान लिहिले नाही. पोलिसांनी दुर्बिणीचा क्रमांक विचारला तेव्हा आम्ही गप्प. कॅमेरा, दुर्बीण, रीळ यांच्यावर कारखान्याचा क्रमांक असतो. सायकलचा क्रमांक बहुधा पायडलच्या दांड्याखाली कोरलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो. मोबाईलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की त्याचा आयएमईआय क्रमांक येतो. या सगळ्यांचे आणि बिलांचे फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवावेत. अर्ध्या तासाचे काम आहे. क्रमांक नसेल तर उद्या पोलिसांना दहा दुर्बिणी सापडल्या तरी त्यातली आपली कोणती ते सांगता येत नाही.

आणि एवढे करूनही काच फुटलीच तर?

आधी कशालाही हात लावू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, मग ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले आहेत. माणसे किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनातून वस्तू चोरणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते आणि सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. दखलपात्र गुन्ह्याची खबर आता कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कोणाची हा प्रश्न नंतरचा. म्हणजे पेडण्यात चोरी झाली आणि तुम्ही डिचोलीला घरी पोचल्यावर आठवले, तरी डिचोलीच्या ठाण्यात जाता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कळवले तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. "सामान हरवले" असा नुसता अर्ज देऊन परतू नका, चोरी झाली असेल तर चोरीच लिहवा. कोणावर संशय आहे का, असे विचारतील. डोळ्यांनी पाहिले असेल तेवढेच सांगा. आम्ही आधी गाड्यावर गेलो आणि मग पोलिसांत, तो क्रम चुकला.

ठाण्यात थांबलेले असतानाच कार्डे बंद करावीत. हा मुद्दा आमच्या धंद्यातला आहे म्हणून जरा सविस्तर. जानेवारी २०२१ पासून कार्ड मशीनला नुसते टेकवून, पिन न टाकता, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत खरेदी करता येते. म्हणजे पिन कुठेही लिहून ठेवला नसला तरी चोरलेले कार्ड कोऱ्या नोटेसारखे वापरता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेला तोटा बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. तेव्हा कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. टेकवून पैसे देण्याची सोय बँकेच्या अ‍ॅपमधून बंदही ठेवता येते, सहलीला जाताना ती बंदच असावी. मोबाईल गेला असेल तर आधी सिम बंद करा, मग पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथीच्या संकेतस्थळावर तो हँडसेट बंद करा.

आमच्या बॅगेत घराची किल्ली होती आणि गाडीचे आरसी पुस्तक होते. आरसीवर घराचा पत्ता असतो. हे केरीत कोणाच्याच लक्षात आले नाही. रात्री नऊ वाजता मेहुणीच्या धाकट्या मुलाने विचारले, "काका, त्यांना आपलं घर कळलं असेल का?" त्या रात्री आम्ही दाराला आतून टेबल लावून झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डिचोलीच्या बाजारातून नवे कुलूप आणून बसवले. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधले आरसी आणि लायसन्स तपासणीला चालते, मूळ कागद गाडीत ठेवण्याची गरज नाही. घराची किल्ली तर अंगावरच हवी. बँकेच्या लॉकरची किल्ली कोणी गाडीत ठेवत असेल तर त्याला काय म्हणावे? ती हरवली की लॉकर फोडावा लागतो आणि खर्च आपल्याच खात्यावर पडतो.

राहिला विमा. गाडीच्या पूर्ण विम्यात फुटलेली काच मिळते, आणि काचेवर घसारा कापत नाहीत. पण आतले सामान त्या विम्यात नसते. त्यासाठी वैयक्तिक सामानाची जोड-पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, आणि तिच्यातही रोकड व कार्डे बहुधा धरत नाहीत. काचेचा दावा करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन बसा. समजा काच मजुरीसकट ४,५०० रुपयांची आहे. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला साधारण १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात, म्हणजे हाती ३,५००. आता समजा तुमचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मूळ ९,००० आहे, त्यावर सध्या ३५ टक्के नो-क्लेम बोनस मिळतो आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळाला असता. दावा केला की तो शून्य होतो, म्हणजे एकाच वर्षात ४,०५० रुपये गेले. त्यानंतरच्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे आणखी २,७०० गेले. आम्ही दावा केला नाही. बोनस राखण्याची जोड-पॉलिसी असेल तर हिशेब बदलेल, तेवढे आपापल्या कागदात बघावे.

येत्या महिन्यात मंडळाची सहल मयेच्या तळ्यावर आहे. कार्यकारिणीत असे ठरले आहे की गाड्या एकाच ओळीत लावायच्या आणि तासा-तासाच्या पाळीने दोघांनी गाड्यांपाशी बसायचे. दोन खुर्च्या आणि पत्त्यांचा एक कॅट मंडळाकडून. पाळीसाठी नावे सचिवांकडे गुरुवारपर्यंत द्यावीत. प्रत्येक गाडीत जाड प्लास्टिकचा एक तुकडा आणि रुंद चिकटपट्टी असू द्या. काच फुटलीच तर पावसातून घरी येताना तेच उपयोगी पडते, आम्ही केरीहून मुलांच्या तंबूचे कापड लावून आलो.